वाढवून मिळालेली पंधरा वर्षे



दर रविवारी मिस्सामध्ये श्रद्धावंतांच्या प्रार्थनेच्या वेळी आपण आजाऱ्यांची नावे घेतो. एखाद्याच्या मेंदूत गाठ आहे असे कळले की सारा धर्मग्राम हळहळतो. घरी रोझरी होते, शेजारी जेवणाचे डबे पोचवतात, तरुण मुले रक्त देण्यासाठी पहाटेची लोकल पकडतात. शस्त्रक्रिया पार पडली की आभाराचा मिस्सा होतो आणि ते नाव यादीतून निघते. हे सारे योग्यच आहे. परंतु त्यानंतर काय? शस्त्रक्रियेला दहा वर्षे झाली, पंधरा वर्षे झाली, माणूस आपल्यातच आहे. तो कसा जगतो हे आपण विचारतो का? आणि मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाने उरलेले आयुष्य कसे जगावे? हा प्रश्न डॉक्टरांचा नाही. तो नीतीचा आणि श्रद्धेचा प्रश्न आहे, म्हणून आज त्यावर थोडे चिंतन करू या.

गाठ गेली, पुढे काय?

पूर्वी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण डोक्यातील गाठ दिसायचीच उशिरा. १९७१ साली लंडनमध्ये सीटी स्कॅन यंत्राने पहिल्यांदा एका रुग्णाची तपासणी झाली. ती स्त्री मेंदूत गाठ असल्याच्या संशयावरूनच आली होती. त्यानंतर एमआरआय आले, शस्त्रक्रिया सूक्ष्म झाली, किरणोपचार नेमके झाले. आजही ग्लिओब्लास्टोमासारख्या उग्र गाठीत बहुतेकांना एक-दोन वर्षांपलीकडे आयुष्य लाभत नाही, हे दुःखद सत्य आहे. परंतु मेनिंजिओमासारख्या बहुतांशी सौम्य गाठी, सावकाश वाढणारे काही ग्लिओमा, लहान मुलांमधला मेडुलोब्लास्टोमा, अशा कित्येक प्रकारांत वेळेवर उपचार मिळाले तर माणसे वर्षानुवर्षे जगतात. काही तर लहानपणी वाचतात आणि पुढे आईबाप होतात.

मात्र ‘वाचला’ या एका शब्दात सगळे येत नाही. कवटी हाडाची आहे, तिच्या आत जागा मोजकी आहे. गाठ सौम्य असली तरी ती दाबायची ते मेंदूलाच दाबते, आणि ती काढताना किंवा जाळताना आजूबाजूच्या भागालाही थोडी झळ बसते. मग कोणाला फिट येतात आणि रोज ठरलेल्या वेळी गोळी घ्यावी लागते. कोणाला एका कानाने ऐकू येत नाही. कोणाला तोंडावर आलेला शब्द सापडत नाही, दोन माणसे एकदम बोलू लागली की काहीच समजत नाही. झोपूनही न जाणारा थकवा येतो. लहानपणी किरणोपचार झालेल्या मुलांची उंची खुंटते, संप्रेरकांची औषधे लागतात, शाळेत वेग कमी पडतो. किरणोपचारांचे काही परिणाम तर अनेक वर्षांनी उगवतात. आणि दर काही महिन्यांनी, पुढे वर्षाने, पुन्हा स्कॅन. त्या आठवड्यात घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

यातले बहुतेक काही बाहेरून दिसत नाही. डोक्यावरची खूण केसांखाली झाकते. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांसाठी आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठी राखीव डबा असतो. हातपाय धड दिसणारा तरुण त्यात चढला की लोक त्याच्याकडे कसे पाहतात हे प्रवास करणाऱ्यांना ठाऊक आहे. आपल्या धर्मग्रामातही आपण कधीकधी त्याच नजरेने पाहतो. ‘आता बरा झाला ना, मग मीटिंगला का येत नाही?’

हिज्किया राजाचे उदाहरण

पवित्र शास्त्रात आजारातून वाचलेल्या माणसाची पुढची वर्षे कशी गेली हे फार कमी ठिकाणी सांगितले आहे. हिज्किया राजाची कथा त्यातली एक (२ राजे २०, यशया ३८ व ३९). तो मरणाच्या पंथाला लागतो. यशया संदेष्टा त्याला घराची निरवानिरव करायला सांगतो. राजा भिंतीकडे तोंड करून रडतो, प्रार्थना करतो. यशया राजवाड्याच्या अंगणाबाहेरही पडलेला नसतो, तोच देव त्याला माघारी पाठवतो. राजाला आणखी पंधरा वर्षे मिळतात. लक्षात घ्या, यशया नुसती भविष्यवाणी करून थांबत नाही, तो अंजिरांचा लेप आणून गळवावर लावायला सांगतो. देवाची कृपा आणि वैद्याचे औषध यांचे भांडण इथे नाही.

पुढे काय होते? बाबेलहून वकील येतात, राजाच्या प्रकृतीची विचारपूस करतात, आणि हिज्किया आनंदाच्या भरात आपली सारी भांडारे त्यांना उघडून दाखवतो. यशया त्याबद्दल त्याला खडसावतो. इतिहासाच्या ग्रंथात तर स्पष्ट म्हटले आहे की, मिळालेल्या कृपेला साजेसे तो वागला नाही, त्याचे मन गर्विष्ठ झाले, आणि नंतर तो नम्रही झाला (२ इतिहास ३२). याच पंधरा वर्षांत त्याला मनश्शे हा मुलगा झाला. बाप वारला तेव्हा तो बारा वर्षांचा होता, म्हणजे ती पंधरा वर्षे मिळाली नसती तर तो जन्मालाच आला नसता. हा मनश्शे यहूदाच्या अत्यंत दुष्ट राजांपैकी एक निघाला.

मग ती पंधरा वर्षे वाया गेली का? संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढून पाहा. येशू ख्रिस्ताच्या वंशावळीत हिज्किया आहे आणि त्याच्या खालोखाल मनश्शे आहे. त्या वाढीव वर्षांतूनच तारणाचा धागा पुढे गेला. हिज्कियाला हे कळले नाही, कळण्यासारखे नव्हतेच. या कथेतून मला तीन प्रश्न दिसतात.

पहिला प्रश्न : मी तोच आहे का?

‘माझा नवरा वाचला, पण पूर्वीचा माणूस परत आला नाही,’ असे वाक्य अशा घरांतून ऐकू येते. तत्त्वज्ञानात हा जुना प्रश्न आहे. इंग्लंडचे जॉन लॉक यांनी १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत असे मांडले की, माणूस तोच राहतो तो त्याच्या जाणिवेमुळे, म्हणजे मागचे केलेले ‘मी केले’ असे त्याला आठवते म्हणून. हा विचार पटण्यासारखा वाटतो. पण मग ज्याची स्मृती शस्त्रक्रियेत गेली त्याचे काय? तो अर्धा माणूस उरला म्हणायचे का?

ख्रिस्ती परंपरेने वेगळे उत्तर दिले आहे. सहाव्या शतकातील बोएथियस आणि त्यांच्यामागून संत थॉमस अक्वायनस सांगतात की, व्यक्ती म्हणजे विवेकशील स्वभावाचे एक स्वतंत्र अस्तित्व. विवेकशील ‘स्वभाव’ म्हटले आहे, विवेकाचे ‘काम किती चालते’ असे म्हटलेले नाही. झोपलेला माणूस, तान्हे मूल, शब्द हरवलेली आजी, सगळे पूर्ण माणूस आहेत. थॉमस असेही शिकवतात की आत्मा आणि देह मिळून एक माणूस होतो. म्हणून मेंदूला इजा झाली तर ती माणसालाच होते, हेही आपण मान्य करतो. ‘आत्म्याला काही झालेले नाही’ असे सांगून कोणाचे दुःख उडवून लावण्याची परवानगी ही शिकवण आपल्याला देत नाही.

या संदर्भात एक खरी घटना सांगतो. कॅनडातील मॉन्ट्रियलचे प्रसिद्ध मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९२८ साली स्वतःच्या बहिणीच्या मेंदूतील गाठीवर शस्त्रक्रिया केली. मेंदूच्या उजव्या पुढच्या भागाचा मोठा हिस्सा त्यांना काढावा लागला. ती वाचली, घरी गेली, मुलाबाळांत रमली. बऱ्याच महिन्यांनंतर तिने भावाला घरी जेवायला बोलावले. आयुष्यभर उत्तम स्वयंपाक करणारी ती बाई त्या दिवशी स्वयंपाकघरात गोंधळून उभी होती. एक पदार्थ झाला होता, दुसरा सुरूच झाला नव्हता, कशानंतर काय करायचे हे तिला जुळवता येत नव्हते. पण पाहुण्याविषयीची आस्था, मुलांवरची माया, बोलण्यातला समंजसपणा शाबूत होता. पदार्थांची तयारी दुसऱ्या कोणी क्रमाने लावून दिली की ती स्वयंपाक करू शके. १९३१ साली ती वारली. पुढे १९३५ साली पेनफिल्ड यांनी हे सारे शास्त्रीय निबंधात नोंदवले.

तिचे जे गेले ते खरोखरच गेले होते. जे उरले तेही तितकेच खरे होते. म्हणून अशा घरांना मी दोन गोष्टी सांगतो. जे हरवले त्याबद्दल शोक करायला लाजू नका, जिवंत माणसासाठीही शोक करावा लागतो. आणि समोर जो आहे त्याची तुलना रोज जुन्या फोटोशी करू नका. तो तोच आहे, फक्त आता काही ठिकाणी त्याला क्रम लावून देणारा हात हवा आहे.

दुसरा प्रश्न : हे आयुष्य कर्ज आहे का?

वाचलेल्या माणसाला आपण मोठ्या प्रेमाने म्हणतो, ‘देवाने तुला काहीतरी मोठे करण्यासाठी ठेवले आहे.’ ऐकायला बरे वाटते. परंतु ज्याला अर्धा दिवस काम केल्यावर पडून राहावे लागते, त्याच्या मनावर या वाक्याचे ओझे होते. देवाने एवढे दिले आणि मी काय केले? शिवाय त्याच वॉर्डात, शेजारच्या खाटेवर, सात वर्षांची मुलगी गेली. तिच्यासाठीही रोझरी झालीच होती. तिला देवाने का नाही ठेवले?

या ‘का’ला मी उत्तर देणार नाही, कारण प्रभू येशूनेही ते दिलेले नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा मेलेले अधिक पापी होते ही समजूत त्याने खोडून काढली (लूक १३). त्याचा अर्थ असाही होतो की वाचलेले अधिक पुण्यवान नव्हते. वाचणे हे बक्षीस नाही आणि मरणे ही शिक्षा नाही.

मग वाचलेल्याने काहीच देणे लागत नाही का? लागतो, पण ते सावकाराचे देणे नव्हे. कर्ज फेडले की संबंध संपतो. देणगीचे तसे नसते, ती मिळाली की संबंध सुरू होतो. दहा कुष्ठरोगी बरे झाले, एकच आभार मानायला परत आला (लूक १७). येशूने त्याला कोणतेही मोठे कार्य नेमून दिले नाही. उठून आपल्या वाटेने जायला सांगितले. आपली वाट म्हणजे घर, शेत, दुकान, शेजार. कृतज्ञ माणसाचे आयुष्य बाहेरून अगदी साधे दिसू शकते. हिज्कियाची चूक त्याने काही मोठे केले नाही ही नव्हती. मिळालेले तो स्वतःच्या मालकीचे समजून दाखवत सुटला, ही होती.

तिसरा प्रश्न : उद्याचा भरवसा नसताना कसे जगावे?

हिज्कियाला आकडा ठाऊक होता. आजच्या रुग्णाला तो ठाऊक नसतो. फ्रान्सचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. डाव्हिद सर्वां-श्रायबर यांचे उदाहरण घेऊ. १९९२ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते अमेरिकेत पिट्सबर्ग येथे मेंदूवर संशोधन करीत होते. एके दिवशी प्रयोगासाठी ठरलेली व्यक्ती आली नाही, म्हणून ते स्वतःच स्कॅनरमध्ये झोपले आणि सहकाऱ्यांना त्यांच्याच मेंदूत गाठ दिसली. शस्त्रक्रिया झाली, काही वर्षांनी गाठ परतली, पुन्हा उपचार झाले. त्यानंतर त्यांनी आहार, व्यायाम, मनःशांती यांचा कर्करोगाशी काय संबंध आहे यावर पुस्तक लिहिले, ते जगभर वाचले गेले. २०१० साली गाठ पुन्हा आली आणि जुलै २०११मध्ये ते वारले. निदानापासून जवळजवळ १९ वर्षे ते जगले होते.

शेवटच्या आजारात त्यांनी आणखी एक छोटे पुस्तक लिहिले. कोणतीही जीवनपद्धती कर्करोगापासून पूर्ण हमी देत नाही हे त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितले. प्रवास आणि कामाच्या धबडग्यात आपण स्वतःच विश्रांतीकडे दुर्लक्ष केले, हेही कबूल केले. मला हे पुस्तक पहिल्यापेक्षा मोठे वाटते. कारण आपल्याकडे गाठ परत आली की लोक लगेच कारण शोधतात. पथ्य पाळले नसेल, प्रार्थना कमी पडली असेल, विश्वास डळमळला असेल. बंधुभगिनींनो, आजारी माणसावर आजाराचे खापर फोडू नका. ईयोबाच्या मित्रांनी तेच केले होते आणि देव त्यांच्यावर रागावला होता.

संत थॉमस आशा या सद्गुणाविषयी शिकवतात की, तिच्याविरुद्ध दोन पापे आहेत. एक निराशा, आणि दुसरे देवाला गृहीत धरणे. दोन्ही वरवर वेगळी दिसतात, पण दोघांचाही दावा एकच असतो की पुढचे मला आधीच कळले आहे. निराश माणूस म्हणतो, ‘गाठ येणारच, आता कशाला काय करायचे?’ गृहीत धरणारा म्हणतो, ‘मी बरा झालोच आहे, आता गोळ्या कशाला, स्कॅन कशाला?’ आशा ठेवणारा माणूस गोळी वेळेवर घेतो, स्कॅनची तारीख पाळतो, आणि त्याच महिन्यात अंगणात आंब्याचे कलमही लावतो. त्याला फळ स्वतः खायला मिळेल का हे माहीत नसते. खरे म्हणजे ते आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही. आपण ते विसरून जगतो, त्याला विसरता येत नाही, एवढाच फरक आहे. आयुष्याचे दिवस मोजायला शिकण्याची प्रार्थना स्तोत्रकर्त्याने केली आहे (स्तोत्र ९०). आपल्यातली ही माणसे तो धडा आपल्याआधी शिकली आहेत.

मदत घेणे हाही सद्गुण

आणखी एक कठीण गोष्ट आहे. मिळवता हात होता तो आता मागणारा झाला. फिटचा आजार असलेल्याला आपल्या देशात गाडी चालवण्याचा परवाना मिळत नाही. ज्याने घरच्यांना स्कूटरवरून फिरवले त्याला आता दवाखान्यात नेऊन सोडावे लागते. पुष्कळांना यात अपमान वाटतो. अॅलास्डेर मॅकिंटायर या कॅथलिक तत्त्वज्ञांनी १९९९ साली लिहिलेल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, परावलंबन ही माणसाच्या आयुष्यातली अपवादाची गोष्ट नाही. आपण सगळे परावलंबी जन्मतो, बहुतेक परावलंबी मरतो, मध्ये थोडा काळ तसे नसल्याचा भास होतो. म्हणून देण्याचा जसा सद्गुण आहे तसा घेण्याचाही आहे, मन कडू न करता आणि मिंधे न होता घेण्याचा. क्रूस वाहताना सिमोन कुरेनेकराचा खांदा प्रभूनेही नाकारला नाही.

आणि त्या सिमोनाचीही आठवण ठेवू या. अशा प्रत्येक घरात एक पत्नी, एक आई, एक भाऊ असतो, जो बारा-पंधरा वर्षे गोळ्यांचा डबा भरतो, रात्री खोकल्याच्या आवाजानेही दचकून उठतो. ‘पेशंट कसा आहे?’ असे सगळे त्याला विचारतात. ‘तुम्ही कसे आहात?’ असे कोणी विचारत नाही.

धर्मग्रामाने काय करावे?

काही साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, फिटविषयी. मंदिरात किंवा रस्त्यात कोणाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, जवळच्या वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा. चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब इस्पितळात न्या. आणि हे भूतबाधेचे लक्षण आहे असे कोणीही कुजबुजू नये.

दुसरी, रुग्णाभ्यंग संस्काराविषयी. अजूनही फादर तेल घेऊन आले की घरचे घाबरतात. हा केवळ शेवटच्या घटकेचा संस्कार नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली स्पष्ट केले आणि परमगुरू पॉल सहावे यांनी १९७२ साली त्याचा विधी नव्याने घालून दिला. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी तो घेता येतो. आजार उलटला किंवा बळावला तर पुन्हा घेता येतो. गाठ परतल्याचे कळले तर संकोच न करता मला बोलवा.

तिसरी, कामाविषयी. वाचलेल्या माणसाला धर्मग्रामाच्या कामातून परस्पर वगळू नका, आणि त्याच्यावर पूर्वीइतका भारही टाकू नका. त्यालाच विचारा. तीन तासांची सभा झेपणार नाही, पण रविवारी ही पत्रिका घडी घालून दारात वाटणे झेपेल. गडबडीत बोलणे समजत नसेल तर त्याच्या घरी जाऊन एकट्याने, सावकाश बोला. त्याचा शब्द अडला तर तो पुरा करण्याची घाई करू नका.

याईराची बारा वर्षांची मुलगी उठून चालू लागली, तेव्हा सारे थक्क होऊन पाहत राहिले. प्रभू येशूने मात्र घरच्यांना सांगितले की, तिला काहीतरी खायला द्या (मार्क ५). चमत्कारानंतरचे काम त्याने घरच्यांवर सोपवले. आपल्या धर्मग्रामात ज्यांना अशी वाढवून मिळालेली वर्षे लाभली आहेत, त्यांच्या बाबतीत ते काम आपले आहे. या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाच्या तरी घरी जाऊन या.

प्रभू त्यांना शांतीचे दिवस देवो, त्यांची सेवा करणाऱ्यांना बळ देवो, आणि आरोग्यमाता पवित्र मरिया आपणा सर्वांसाठी विनंती करो.

आपला,
धर्मगुरू